डोंगराला लावलेली पाणसळ

कॅलिफोर्नियात बेकर्सफील्ड आणि मोहावी या गावांच्या मधल्या डोंगरात टेहॅचपी नावाची खिंड आहे. या खिंडीतल्या रेल्वेमार्गावर एक पूर्ण वेटोळं आहे आणि ते पाहायला, त्याचे फोटो काढायला लोक दूरदेशांहून येतात. येऊन पाहतात ती मालगाडी: पुढे डिझेल इंजिनं, मागे कंटेनरांची रांग. प्रवासी गाड्यांचा तो नेहमीचा मार्ग नाही. हीच मालगाडी यार्डात उभी असली तर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. भोवतालच्या टेकड्याही जगावेगळ्या नाहीत. उन्हाळ्यात पिवळं पडणारं गवत आणि मधूनमधून ओकची झाडं, अशा टेकड्या कॅलिफोर्नियात मैलोनमैल पसरल्या आहेत. म्हणजे एकटी गाडी माणसाला खेचून आणत नाही आणि एकटा डोंगरही आणत नाही. दोन्ही एकत्र आले की मात्र माणसं तासन्तास ऊन खात बसतात. या ओढीचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे लहानपणापासूनची आगगाडीची हौस. ते मला अपुरं वाटतं. माझं म्हणणं असं की अफाट प्रदेशातून जाणारी गाडी त्या प्रदेशाचं माप आपल्यासमोर मांडते. जमिनीचा चढ, तिचा विस्तार, दरीची खोली या एरवी डोळ्याला न उमगणाऱ्या गोष्टी गाडीमुळे वाचता येतात, आणि त्या पाहण्यातला मोठा आनंद या वाचता येण्याचा आहे. हे काम गाडीइतकं चोख दुसरं कुठलंच वाहन करत नाही, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे.

पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं ती जागा जेमतेम छोट्या नाण्याएवढी असते. चाकही फारसं दबत नाही आणि रूळही दबत नाही, त्यामुळे गाडी चालती ठेवायला अगदी थोडा जोर लागतो. सपाट रुळावर एक टन ओझ्यासाठी साधारण दोन किलो वजनाइतकी ओढ पुरते. रबरी टायरच्या ट्रकला याच्या कितीतरी पट लागते. रेल्वेची सगळी काटकसर यात आहे आणि तिची सगळी अडचणही यातच आहे. १:५० चा चढ, म्हणजे ५० मीटर चालल्यावर एक मीटर चढण, लागला की त्याच एका टनाला आणखी २० किलोची ओढ लागते. दोनाचे बावीस झाले, म्हणजे अकरा पट. पायी चालणाऱ्याला हा चढ जेमतेम जाणवेल आणि घाटातल्या ट्रकला तर तो किरकोळच. शिवाय ओढ वाढवायची तर चाकाने रूळ धरून ठेवायला हवा, आणि पोलादाची पोलादावरची पकड मुळात कमी. इंजिनाची ताकद नुसती वाढवत नेली तर एका मर्यादेनंतर चाकं जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून डोंगरासमोर आलेल्या रेल्वे इंजिनिअरला डोंगराचं ऐकावं लागतं: वळसे घ्यायचे, कडेकडेने जायचं, नाहीतर पूल आणि बोगद्यांचा खर्च सोसायचा. गवंडी फरशीवर पाणसळ ठेवतो तेव्हा नजरेला सपाट वाटणाऱ्या फरशीचा उतार बुडबुड्यावरून कळतो. रूळ डोंगरावर तेच काम करतात.

टेहॅचपीला हे काम उघड्यावर चालतं. सदर्न पॅसिफिक कंपनीने हा मार्ग १८७४ ते १८७६ या काळात बांधला आणि वेटोळ्याची कल्पना विल्यम हूड या इंजिनिअरच्या नावावर आहे. मैदानातून सुमारे १,२०० मीटर उंचीवरच्या माथ्यावर जायचं होतं आणि चढ मर्यादेत ठेवायचा होता. दरी मात्र त्याहून जास्त वेगाने वर चढत होती. अशा वेळी वाट लांबवण्यावाचून इलाज नसतो. हूडने रूळ एका निमुळत्या टेकडीभोवती गोल फिरवले आणि परत स्वतःवरूनच पलीकडे नेले. वेटोळ्याची लांबी सुमारे १,१७० मीटर आणि चढ शंभराला दोन, म्हणजे एका फेरीत गाडी २३ मीटरांहून थोडी अधिक वर येते. खालचा रूळ छोट्या बोगद्यातून जातो आणि वरचा त्याच्या डोक्यावरून. आजच्या मालगाड्या कित्येकदा दोन किलोमीटरांहून लांब असतात, त्यामुळे पुढची इंजिनं वरच्या रुळावर येतात तेव्हा त्याच गाडीचे मागचे डबे खाली बोगद्यात शिरत असतात. पाहणाऱ्याच्या नजरेत एकाच गाडीचे दोन कंटेनर येतात, एक वर आणि एक खाली. त्यांच्यामधली उभी फट म्हणजे डोंगराने मागितलेली उंची, आणि त्यांच्यामधली डब्यांची सगळी रांग म्हणजे ती उंची मिळवायला मोजलेली किंमत. २३ मीटरांसाठी जवळपास सव्वा किलोमीटर चाल. नकाशावरच्या समोच्च रेषांनी हेच सांगितलं असतं, पण नकाशा वाचायला शिकावं लागतं. इथे शाळकरी पोरालाही कुणी समजावून द्यावं लागत नाही.

चढाचं झालं, आता विस्ताराचं. उघड्या माळावर किंवा वाळवंटात आपली नजर सहज फसते. अंतराचा अंदाज आपण ओळखीच्या वस्तूंवरून घेतो: झाड, घर, गुरं, माणूस. या खुणाच नसल्या तर समोरची टेकडी दोन किलोमीटरांवर आहे की दहा, हे ठरवायला आधार उरत नाही. कोरड्या हवेत तर लांबच्या डोंगरावर धुरकट निळाईही चढत नाही, त्यामुळे तो हाताशी असल्यासारखा भासतो. जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं की डोळा खोली ओळखतो त्यात सारख्या आकाराच्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या घटकांचा मोठा वाटा असतो: लांब जाताना ते क्रमाने लहान आणि दाट होत जातात आणि त्या दाटपणावरून अंतर उमगतं. मालगाडी म्हणजे अशा घटकांची तयार माळच. चाळीस फुटी कंटेनर जगात कुठेही १२.२ मीटर लांबच असतो. तो जवळ ठसठशीत दिसतो, मग बोटाएवढा होतो, मग पुढचे कंटेनर एकमेकांत मिसळून नुसती रेघ उरते. माळाच्या कोऱ्या पटावर कोणी समान खुणांची मोजपट्टी अंथरावी आणि एकदम माळ केवढा आहे ते कळावं, असा हा प्रकार आहे. गाडी लहान दिसते म्हणून प्रदेश मोठा दिसतो. आणि गाडी खरोखर केवढी असते हे ठाऊक असल्यामुळे ते मोठेपण नुसतं भासापुरतं राहत नाही.

याचा सर्वांत उघडावाघडा नमुना पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियात आहे. झुएरातच्या खाणींतलं लोहखनिज नुआधिबूच्या बंदरात नेणारी रेल्वे १९६३ मध्ये सुरू झाली. सातशे किलोमीटरांचा हा मार्ग सहारातून जातो आणि त्यावर अडीच किलोमीटर लांबीच्या, दोनशेच्या वर वाघिणींच्या गाड्या धावतात. गाडीला ना रंगरूप, ना डौल. धुळीने माखलेल्या उघड्या वाघिणी आणि त्यात खनिजाचे ढीग. तरी जगभरचे छायाचित्रकार तिच्यामागे जातात, कारण त्या वाळवंटात दुसरं मापच नाही. याच्या उलट टोकाला ऑस्ट्रेलियातलं नलरबॉर पठार. १९१७ मध्ये पूर्ण झालेल्या त्या मार्गावर ४७८ किलोमीटरांचा एक पट्टा असा आहे की त्यात एकही वळण नाही. एवढं अंतर रूळ सरळ जाऊ शकतो हीच ती जमीन किती सपाट आहे याची सर्वांत भक्कम साक्ष. टेहॅचपीला रूळ वळून बोलतात, इथे न वळता बोलतात, भाषा तीच.

गाडीचं माप नुसतं डोळ्यापुरतं नाही, ते वेळेचंही आहे. सव्वादोन किलोमीटरांची गाडी ताशी ३६ किलोमीटरांनी चढत असेल तर एका जागेवरून ती पूर्ण जायला पावणेचार मिनिटं लागतात. एवढा वेळ आपण निसर्गातल्या कुठल्याही एका गोष्टीकडे सलग पाहत नाही. डोंगर हलत नाही म्हणून नजर भरकटते आणि पाखरू उडून जातं. गाडी नजरेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या भूभागावरून हळूहळू नेते. कानाचंही तसंच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून दोन किलोमीटरांवर वाजलेला भोंगा सहा सेकंदांनी ऐकू येतो. उभी मालगाडी सुटते तेव्हा डब्यांमधल्या कपलिंगची ढील एकामागून एक ताणली जाते आणि तो खडखडाट पुढून मागे धावत जातो. डोळे मिटले तरी गाडीची लांबी कानाने मोजता येते. गजबजलेल्या स्टेशनात हे सगळं गोंगाटात हरवतं. ते कळायला मोकळी, शांत जागाच लागते.

छायाचित्रांच्या इतिहासातही याचा पुरावा मिळतो. अमेरिकेत ल्युशियस बीबी यांच्या १९३८ मधल्या ‘हाय आयर्न’ या पुस्तकापासून रेल्वेची पुस्तकं लोकप्रिय झाली. त्या काळातली आदर्श चौकट ठरलेली होती: इंजिन समोरून थोडं तिरपं, चौकटभर, मागे धुराचा लोट. त्यात यंत्राची ऐट आहे, पण गाडी कुठे आहे याला महत्त्व नाही. मागची जमीन बदलली तरी चित्राचं काही बिघडत नाही. पुढच्या पिढीत रिचर्ड स्टाइनहाइमर यांनी पश्चिम अमेरिकेत वेगळी वाट धरली. त्यांच्या अनेक चित्रांत हवामान, डोंगर आणि आकाश मोठे आहेत आणि गाडी त्यांच्या आत आहे. निसर्गदृश्यांचे छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांच्यावरून ‘रेल्वे छायाचित्रणातले अॅन्सेल अॅडम्स’ असं त्यांना म्हटलं गेलं ते यामुळेच. गाडी चौकटीत जितकी लहान करावी तितकं ती जास्त सांगू लागते, हा शोध मोठा होता. अट एकच: ती डब्यांत मोजता येण्याइतकी तरी उरली पाहिजे. फार ताकदीच्या टेलिफोटो लेन्सने लांबचे डोंगर ओढून गाडीच्या पाठीला चिकटवले की चित्र भारदस्त दिसतं, पण मोजपट्टीच्या खुणा एकमेकींवर चढतात आणि अंतर नाहीसं होतं.

आता पहिला आक्षेप: हे सगळं बुद्धीचं समर्थन झालं, खरी गोष्ट म्हणजे स्मरणरंजन. वाफेचं इंजिन, सुट्टीतला प्रवास, मामाचा गाव. हे काही अंशी मान्य करायला हवं. ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० दरम्यान नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवरची वाफेची शेवटची वर्षं रात्रीच्या प्रकाशझोतात टिपली. त्या चित्रांची जान सरत्या काळाच्या हुरहुरीत आहे. पण स्मरणरंजनाला तपशील लागतो. इंजिन ओळखू यायला हवं, फलाट, माणसं, कपडे जवळून दिसायला हवेत. अफाट प्रदेशातल्या चित्रात गाडी इतकी बारीक असते की इंजिन कुठल्या जातीचं हेही कित्येकदा कळत नाही. आणि लोहखनिजाच्या वाघिणींशी किंवा कंटेनरांशी परदेशातून आलेल्या पाहुण्याच्या कुठल्या बालपणाच्या आठवणी जोडलेल्या असणार? दुसरा आक्षेप असा की महामार्गावरचे ट्रकही दिसतात, समुद्रात जहाजंही दिसतात. ट्रक एकेकटा आणि लहान, त्यात तो तिप्पट चढ बिनदिक्कत चढतो, म्हणून जमिनीबद्दल तो फारसं बोलत नाही. जहाजाला चढच नसतो. विमानाने तर जमिनीशी संबंधच तोडलेला असतो. लांब, अखंड, समान खुणांचं आणि जमिनीला बांधलेलं, हे चारही गुण एकत्र असणारं वाहन रेल्वेगाडीच.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आजचं तंत्रज्ञान डोंगराला जुमानत नाही, मग ही मोजणी जुन्या मार्गांपुरतीच खरी ना? याचं उत्तर सह्याद्रीत शेजारी शेजारी पाहायला मिळतं. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटात चढ १:३७ आहे, म्हणजे किलोमीटरमागे २७ मीटर. कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला बँकर इंजिनं लागतात, उतारावर ताबा सुटलेल्या गाडीसाठी कॅच सायडिंग आहेत, आणि १९२९ पर्यंत तर खंडाळ्याजवळ गाडीला इंजिनाची बाजू बदलून उलट दिशेने निघावं लागे. वंदे भारतला बँकर लागत नाही, कारण तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत आणि रूळ धरणारी चाकं गाडीभर विखुरलेली आहेत. चढ मात्र तेवढाच राहिला. कोकण रेल्वेची गोष्ट उलटी. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या या ७४१ किलोमीटरांच्या मार्गावर चढ १:१५० च्या आत ठेवला आणि वळणांची त्रिज्या १,२५० मीटरांहून कमी होऊ दिली नाही. रूळ वळेनात तेव्हा नव्वदहून जास्त बोगदे खणावे लागले आणि रत्नागिरीजवळ पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल उभारावा लागला. तिथे गाडी जवळपास सपाट जाते आणि जमीन तिच्याखालून निघून जाते. दरी किती खोल ते खांबांवरून कळतं. बोरघाटात रूळ वाकतो म्हणून डोंगर कळतो, कोकणात रूळ वाकत नाही म्हणून कळतो. दूधसागरचंही तेच: धबधबा ३१० मीटरांचा आहे हे वाचून माहीत असतं, पण पुलावरून गाडी आडवी गेली की तो केवढा ते पटतं. आणि गाडीचं माप लांबूनच मिळत असल्यामुळे त्यासाठी रुळांवरून चालत जाण्याचं काही कारण नाही. कायद्याने तो गुन्हा आहे आणि तिथून दृश्यही अर्धंच दिसतं.

अतिवेगवान गाड्यांनी मात्र या युक्तिवादाची खरी परीक्षा घेतली आहे. १९८१ मध्ये सुरू झालेल्या पॅरिस–लियाँ मार्गावर १:२८ इतके तीव्र चढ आहेत आणि बोगदा एकही नाही. वेगाच्या जोरावर गाडी चढ पार करते. म्हणजे चढाचं बंधन सैल झालं. पण त्याच वेगामुळे वळणाचं बंधन आवळलं गेलं आणि वळणांची त्रिज्या चार किलोमीटरांच्या घरात ठेवावी लागली. त्यामुळे तिथे गाडी टेकाडांवरून वरखाली होताना दिसते आणि जमिनीची उठण वाचता येते. मात्र पूर्ण मार्गच खांबांवर उचलला तर? मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरांच्या अतिवेगवान मार्गाची आखणी बहुतांश उन्नतच आहे. सपाट मुलुखात सारख्या उंचीच्या खांबांवरून जाणारी गाडी जमिनीबद्दल फार थोडं सांगेल, असं मला वाटतं. पाहणाऱ्यांची गर्दी तिथेही होईल, पण वेगासाठी. आणि तो वेगळा आनंद आहे. माझं म्हणणं बरोबर असेल तर विशाल प्रदेशातल्या चित्रांसाठी लोक पुढेही बोरघाट, पानवल, टेहॅचपी अशाच जागा शोधत राहतील.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळता येत नाही. विशाल प्रदेशातली गाडी हे चित्र मुळात कंपन्यांनी घडवलं. जॉर्ज इनेस यांचं ‘द लॅकवाना व्हॅली’ हे १८५५ च्या सुमाराचं चित्र एका रेल्वे कंपनीनेच काढून घेतलं होतं: हिरवी दरी, लहानशी गाडी, आणि पुढे तोडलेल्या झाडांचे बुंधे. जमीन जिंकल्याची ती जाहिरात होती. बोरघाटाच्या कामावर १८६१ मध्ये ४२,००० माणसं राबत होती, आणि साथींनी व अपघातांनी त्यांतल्या कितीतरी जणांचा बळी घेतला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्याआल्या दगावले आणि त्यांची पत्नी अॅलिस यांनी काम पुढे नेलं. ट्रेडवेल दांपत्याची नावं नोंदली गेली, मजुरांची नाही. टेहॅचपीचं खोदकाम हजारो चिनी मजुरांनी केलं. लांबून घेतलेल्या चित्रात हे काहीच दिसत नाही आणि सगळं आपोआप झाल्यासारखं वाटतं, हा दोष खरा आहे. पण त्यावर उपाय ते चित्र टाकून देण्याचा नाही. ज्याला रूळ वाचायची सवय लागली त्याला गाडी पाहिल्यावर पहिला प्रश्न पडतो तो चढाचा, आणि चढाचा प्रश्न लगेच श्रमाचा होतो. हे वळण कशासाठी, हा बोगदा कशाने खणला, सुरुंगाची भोकं कोणी पाडली? इनेसच्या चित्रातले बुंधेही असं पाहणाऱ्यालाच ठळक दिसतात. गाडीच्या फोटोखाली इंजिनाचा क्रमांक आणि गाडीचं नाव लिहिण्याची रेल्वेप्रेमींची जुनी पद्धत आहे. त्याच ओळीत तो मार्ग कधी, किती चढाचा आणि कोणाच्या हातांनी झाला हेही लिहायला हवं. गाडीने जमिनीचं माप दिलं, तर ते माप पुरं करणं हे पाहणाऱ्याचं काम आहे.